डावीकडे ओढणारी गाडी

वेल्डिंग कोणाकडूनही शिकावं, फक्त स्वतःच्या वडिलांकडून शिकू नये. माझे वडील एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. इंदूरच्या एका कापड गिरणीत त्यांनी आधी फिटर आणि मग फोरमन म्हणून उभी हयात काढली, आणि आता त्यांना उजव्या डोळ्याने अजिबात दिसत नाही, डाव्याने जेमतेम चालण्यापुरतं. तरी मागच्या हिवाळ्यात सलग दोन महिने ते पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या एक्कावन्न वर्षांच्या मला, माझा हात कुठे चुकतोय ते सांगत होते. दिसत नाही तर कळतं कसं, असं विचारलं की म्हणायचे, "आवाजावरून." उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, आमचा उंटवाला डोळे मिटून हाकत होता. शेळी अर्थातच मी.

काम होतं आमच्या जुन्या गाडीचं. ती एक छोटी इंग्रजी गाडी आहे, चौघं बसले की चौघांचे गुडघे एकमेकांना लागतात अशी. महूच्या छावणीतल्या एका लष्करी अधिकाऱ्याने ती विलायतेहून आणली होती आणि बदली झाल्यावर ती बाबांना देऊन टाकली. तिचं इंजिन शेवयांच्या मशीनएवढं आहे आणि मिजास एखाद्या जहागीरदाराची. बाबांनी तिला कधी गॅरेजमध्ये जाऊ दिलं नाही. जे काय करायचं ते स्वतः, घरी, रविवारी.

या गाडीबद्दल आमच्या घरात एक गोष्ट बेचाळीस वर्षांपूर्वी ठरून गेली होती, ती म्हणजे आईला गाडी चालवता येत नाही. हे कोणी रोज बोलून दाखवायचं असं नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं, जसं माझ्या काकांना वांगं चालत नाही हे ठाऊक होतं. खरं म्हणजे आईला गाडी येत होती. बाबांनीच तिला सहा महिने शिकवलं होतं, कारण तिला महूच्या एका शाळेत मास्तरीण म्हणून नोकरी लागली होती. शाळा सकाळची. बसने जायचं तर घरी यायला तीन-साडेतीन व्हायचे, आणि बाबांची दुपारची पाळी सुरू होण्याआधी तिला घरी पोचणं भाग होतं, कारण माझी धाकटी बहीण तीन वर्षांची होती. म्हणजे गाडी असेल तरच नोकरी. रुजू व्हायच्या आठवडाभर आधी ती कागद द्यायला स्वतः गाडी घेऊन महूला निघाली. मी नऊ वर्षांचा, मागच्या सीटवर. वाटेतलं राऊ गाव सोडल्यावर समोरून ट्रक आला, तिने ब्रेक लावला आणि गाडी सरळ डावीकडच्या खड्ड्यात गेली. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. एक दिवा फुटला, पुढचा बंपर वाकला.

संध्याकाळी घरात नातेवाईक, शेजारी, सगळे जमले. आई म्हणाली, गाडी डावीकडे ओढते, निघाल्यापासून ओढत होती. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." लोक हसले. महिन्याभरात दिवा-बंपर नीट झाल्यावर बाबांनी आम्हाला सगळ्यांना गाडीत बसवून त्याच रस्त्यावर नेलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून दाखवले. गाडी सुतासारखी सरळ गेली. "बघा, माझ्या हातात जाते की नाही सरळ?" आई मागे बहिणीला मांडीवर घेऊन बसली होती. तोपर्यंत तिने शाळेला नकाराचं पत्र पाठवून दिलं होतं. पुढे तीसेक वर्षं तिने घरातल्या हॉलमध्ये शिकवण्या घेतल्या आणि गाडीच्या चालवायच्या बाजूच्या दाराला हात लावला नाही.

एवढं सांगून ठेवलं, कारण पुढचा सगळा ताप त्यातूनच निघाला.

तर मागच्या दिवाळीनंतर गाडीच्या कागदांचं नूतनीकरण आलं. तपासणी करणारा माणूस सभ्य होता. तो गाडीखाली वाकला, खिशातून पेचकस काढला आणि मागच्या सबफ्रेमला टोचला. सबफ्रेम म्हणजे मागची दोन्ही चाकं ज्या लोखंडी चौकटीला धरून असतात ती. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. "बाबूजी, ये तो पापड़ है," तो बाबांना म्हणाला. "दो महीने में बनवा के लाओ, नी तो फिर कबाड़ में ही जाएगी."

मला वाटलं, सुटलो. भंगारात जाऊ दे. मी मल्हारगंजातल्या एका जुन्या गॅरेजवाल्याला विचारायला गेलो ते फक्त बाबांचं समाधान व्हावं म्हणून. त्याने मोबाइलवरचा फोटो बघितला आणि परत दिला. "भिया, इसका पार्ट तो छोड़ो, इसका फोटू भी पहली बार देख रिया हूँ." मी आनंदाने घरी येऊन हे सांगितलं. बाबा म्हणाले, "आपला हात जगन्नाथ. घरी करू."

"बाबा, तुम्हाला दिसत नाही."

"तुला तर दिसतं ना?"

अशी माझी नेमणूक झाली.

सबफ्रेम खाली उतरवण्यात आठ दिवस गेले, कारण तिचा एकेक बोल्ट गंजून देहाचा भाग झाला होता. तेल सोडा, थांबा, ठोका, पुन्हा तेल सोडा. बाबा प्रत्येक बोल्टाला वेगळा सल्ला द्यायचे आणि तो आधीच्या सल्ल्याच्या बरोबर उलट असायचा. चौकट शेवटी खाली आली तेव्हा तिच्यातून तांबड्या पापुद्र्यांची रास पडली. ती मी पिशवीत भरून सकाळी कचरा गाडीवर नेली, तर गाडीवाला विचारतो, "गीला के सूखा?" मी म्हटलं, लोखंड आहे. तो म्हणाला, लोखंडाचा डबा वेगळा, पण हे तर माती दिसतंय, मातीचा डबा नाही. मागे चार बायका बादल्या घेऊन उभ्या. बाबांनी फाटकातून गंज म्हणजे रासायनिकदृष्ट्या काय यावर भाषण सुरू केलं. मी पिशवी परत घेऊन आलो. ती अजून पोर्चच्या कोपऱ्यात आहे.

वेल्डिंग करताना लोखंड तापतं आणि ओढलं जातं, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. म्हणून चौकट कशाला तरी घट्ट जखडून मगच जोडकाम करायला हवं, नाहीतर ती वाकडी होणार. हे बाबांनाही ठाऊक होतं. मी कॉलेजातून आलो तर पाहुण्यांची लोखंडी खाट पोर्चमध्ये, पट्ट्या काढलेली, नुसता सांगाडा, आणि बाबा तिला भोकं पाडायच्या तयारीत, एका हातात ड्रिल आणि दुसऱ्या हाताने जागा चाचपत. मी ड्रिल हिसकावून घेतलं. आई दारात उभी.

"पाहुणे आले तर कुठे झोपवू? तुमच्या त्या फ्रेमवर?"

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

"तुमचा दोन महिन्यांचा प्रश्न मला चांगला ठाऊक आहे. हद्द आहे तुमची, सच्ची." आणि ती आत निघून गेली. खाटेला भोकं मीच पाडली.

वेल्डिंगचा सेट, तारेचं रीळ आणि गॅसच्या सिलेंडरसकट, पोलोग्राउंडच्या एका दुकानातून भाड्याने आणला. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "सर, पतली चादर है, करंट कम रखना. नी तो जाली बन जाएगी." मी करंट कमी ठेवला तरी जाळीच झाली. तेलाच्या डब्याचे पत्रे कापून मी सराव करायचो, आणि त्यातला एकही पत्रा असा नव्हता की ज्यातून चहा गाळता आला नसता. शेजाऱ्यांनी पाण्याची मोटर लावली की व्होल्टेज पडायचं आणि तार पत्र्याला चिकटून बसायची. मोटर बंद झाली की एकदम जोर यायचा आणि भोक पडायचं. मी शेजारच्या काकूंना मोटरची वेळ विचारायला गेलो तर त्या म्हणाल्या, तुम्ही मशीन लावलं की आमचा टीव्ही फडफडतो, आधी तुमची वेळ सांगा.

आणि खुर्चीवरून अखंड सूचना. "टाका मार, टाका. शिवण घालू नको. एक इकडे, एक तिकडे. थंड होऊ दे. घाई काय आहे? फूंक मारू नको, चहा आहे का तो? आवाज बघ. तव्यावर भाकरी शेकताना येतो तसा आवाज आला पाहिजे. हा फटाक्यांचा येतोय." माझ्या डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचत असायचे, मनगटावर ठिणग्यांचे डाग, शर्टाला नक्षी, आणि मी विचार करायचो की माझ्या वयाचे लोक या वेळी सराफ्याच्या खाऊगल्लीत साबुदाणा खिचडी खात असतील. तीन आठवड्यांनी मात्र आवाज भाकरीचा आला.  बाबांनी फक्त खुर्ची थोडी मागे सरकवली, आणि मला झालेला आनंद मी त्यांना दिसू दिला नाही, तसा तो त्यांना दिसला असता असंही नव्हे.

आमच्या बाबांची एक सवय सांगायला हवी. गिरणीत त्यांच्या खात्यात पद्धत होती की यंत्राचा एखादा भाग पहिल्यांदा दुरुस्त केला की टोकदार पंचाने एक टिंब ठोकायचं, त्याच भागाला पुन्हा हात लावायची वेळ आली की दोन. पुढच्या माणसाला कळावं की इथे किती वेळा काम झालंय. बाबांनी ही पद्धत घरी आणली. आमच्या कुकरच्या कानाला तीन टिंबं आहेत. झोपाळ्याच्या कडीला एक. माझ्या लहानपणच्या तीनचाकीला पाच होती. लग्नानंतर माझ्या बायकोने विचारलं होतं, हे सगळ्या घरभर डास बसल्यासारखं काय आहे?

उजवी बाजू मी जानेवारीच्या मध्यापर्यंत नवीन पत्रा घालून पुरी केली. डावीकडे वळलो तर बाबा म्हणाले, "डावीकडची राहू दे. ती मी एकदा केलेली आहे. चांगली आहे."

"बाबा, पेचकस डावीकडेच आत गेला होता."

"पापुद्रा असेल वरचा. घासून रंग लाव."

"बोट जातंय माझं आत."

"तुझं बोटच बारीक आहे."

आता या माणसाने मला उजव्या बाजूच्या प्रत्येक टाक्यासाठी तीन-तीनदा घासायला लावलं होतं. एका बारीक छिद्रासाठी अख्खा जोड कापून काढायला लावला होता. तोच माणूस सडलेल्या लोखंडाला रंग लाव म्हणतोय, याने माझं डोकं फिरलं. वाद दोन दिवस चालला. मी म्हणेन ती पूर्व दिशा, हे बाबांचं नेहमीचंच, पण या वेळी पूर्व दिशा रोज बदलत होती. कधी म्हणत लोखंड चांगलं आहे, कधी म्हणत वेळ उरला नाही, कधी म्हणत माझी कंबर दुखतेय, खुर्चीवर बसवत नाही. तिसऱ्या दिवशी ते डोळ्याच्या डॉक्टरकडे माझ्या बायकोबरोबर गेले असताना मी ग्राइंडर लावला आणि डावीकडचं जुनं डांबरी आवरण खरवडून काढलं.

खाली बाबांनी लावलेली पट्टी होती, आणि तिच्या जोडावर एक टिंब. हे काम मला आठवत होतं. आईच्या महूच्या फेरीच्या अगदी आधी, त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत, ते याच बाजूला झोपून काहीतरी करत होते आणि मी टॉर्च धरला होता. मग मी चाक धरणारा ब्रॅकेट साफ केला. त्याच्या मागे पत्र्याचे चार तुकडे एकावर एक ठेवून वेल्ड केलेले होते, आणि त्यावर दोन टिंबं.

असे तुकडे एकाच कारणासाठी घालतात. चाक तिरकं बसलं असेल तर ते सरळ करायला. मी उजव्या बाजूची मापं घेऊन ताडून पाहिली. ते चार तुकडे काढले तर डावं चाक पाच मिलिमीटरने वाकडं होत होतं. म्हणजे दिवाळीत बाबांनी पट्टी लावली तेव्हा लोखंड ओढलं गेलं आणि चाक तिरकं बसलं. तशा गाडीत आई महूला निघाली. ती सांगत होती, गाडी डावीकडे ओढते. अंगण खरंच वाकडं होतं. आणि नंतर, दिवा-बंपर दुरुस्त करताना, बाबा खाली गेले, त्यांनी मोजलं, त्यांना कळलं, त्यांनी चार तुकडे घालून ते सरळ केलं, आणि मग आम्हाला सगळ्यांना बसवून हात सोडून गाडी चालवून दाखवली.

मी जमिनीवर बसलो. मला इतका राग आला होता की ग्राइंडर बंद करायचं भान राहिलं नाही, तो पायाशी फिरत राहिला. फोरमनसाहेबांनी लपवायचं होतं तर टिंबं तरी ठोकायची नव्हती. पण सवयीचा माणूस. चूक लपवली आणि तिच्यावर सही केली.

बाबा परत आले तसा मी त्यांचा अंगठा धरून त्या दोन टिंबांवर ठेवला. "हे कधीचं काम, बाबा?"

त्यांनी अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. "गंज आहे तो."

"गंज मोजून दोन ठिपके देतो?"

त्यांनी अंगठा शर्टाला पुसला. मग म्हणाले, "चहा झाला का बघ."

मी चहाचं बघितलं नाही. मी हेल्मेट खिळ्याला टांगलं आणि सांगितलं की तुम्ही आईला हे सांगाल तेव्हाच मी डावी बाजू वेल्ड करीन. ते म्हणाले, आधी काम पुरं कर, मग सांगतो. मी म्हटलं, आधी सांगा. चार दिवस गाडी ठोकळ्यांवर, चौकट खाटेवर, भाड्याचा सेट कोपऱ्यात, आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून एकमेकांना फक्त मीठ सरकवत होतो. आई म्हणाली, "काय बिनसलंय तुमचं? लोखंडापायी कोणी असं करतं का?" बाबा म्हणाले, "गॅस संपलाय." सिलेंडर अर्धा भरलेला होता.

पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी, ते स्वतः पोर्चमध्ये आले. खुर्चीवर बसले नाहीत, खाटेच्या दांडीला धरून उभे राहिले.

"मी नुकताच फोरमन झालो होतो," ते म्हणाले. "घरात वीस माणसं जमली होती. बोलायचं ते तोंडातून निघून गेलं होतं. मग खाली जाऊन मोजलं तर हे. मतलब, कोणत्या तोंडाने सांगणार होतो? रोज वाटायचं, आज सांगू. मग शाळेला तिचं पत्र गेलं. मग वाटलं, आता सांगून तिला फक्त त्रास."

"तिला त्रास होऊ नये म्हणून?"

"बरं, मला," ते म्हणाले. "मी सांगतो तिला. आत्ता सांगतो. पण तू काय म्हणाला होतास तेही सांगावं लागेल."

काय ते मला कळलं होतं. मी ते विसरलो होतो असं म्हटलं तर खोटं होईल. मी ते आठवायचं टाळत आलो होतो. त्या संध्याकाळी बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आई कुठे बघत होती?" मी मागच्या सीटवर उभा राहून उड्या मारत होतो. मला वाटत होतं गाडी माझ्याच उड्यांनी खड्ड्यात गेली, आणि आता ते माझ्यावर येणार. म्हणून मी सांगितलं, आई मागे वळून बघत होती. ती बघत नव्हती. तिचे डोळे समोर होते आणि दोन्ही हातांनी ती स्टिअरिंग उजवीकडे खेचत होती. मी तिचे कोपर पाहिले होते.

"तू तसं म्हणाला नसतास, तर मी कदाचित," असं म्हणून बाबा थांबले. "नाही. मी तरी ते केलंच असतं. पण तू म्हणालास ते मला फार सोयीचं पडलं."

मागच्या चार दिवसांत मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोललो होतो. न्यायाधीश झालो होतो अगदी. आता त्यांच्या मागून स्वयंपाकघरात जाताना मला वाटलं, हे आधी बोलतायत ते बरं.

आई ओट्यापाशी स्टुलावर बसून मटार सोलत होती. बाबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, मापांसकट. त्यांना मापांशिवाय काही सांगता येत नाही. मग मी माझं सांगितलं, चार वाक्यांत. आईचे हात चालूच होते. शेंग फोडायची, दाणे भांड्यात, साल ताटात.

"मी रस्त्यावर चालतानासुद्धा बघायचे," ती म्हणाली. "किती वर्षं. सब्जी घ्यायला जाताना, आपण डावीकडे जातोय का ते. मला खरंच वाटायला लागलं होतं की माझ्या हातातच काहीतरी आहे."

बाबा म्हणाले, "चूक झाली माझी."

"हो, झाली," आई म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू नऊ वर्षांचा होतास." ते तिने माफ केल्यासारखं म्हटलं नाही आणि रागानेही म्हटलं नाही. तिने फक्त वय सांगितलं. आम्ही दोघं तिथे शिक्षा सुनावली जाण्याची वाट बघत उभे होतो, आणि तिने आम्हाला मटाराची एक एक मूठ सोलायला दिली, कारण संध्याकाळी कचोरी करायची होती.

डावी बाजू मी पुढच्या दहा दिवसांत केली. जुनी पट्टी, ते चार तुकडे, सगळं कापून काढलं. दोन्ही बाजूंची मापं बाबांनी स्वतः बोटांनी चाचपून तीन-तीनदा घेतली आणि मला दोनदा टाके तोडायला लावले, आणि मी कुरकुर केली ती सवयीने. गाडी तपासणीत पास झाली. त्या माणसाने पेचकस टोचला, तो वाजला आणि घसरला. परत येताना मी रिकाम्या रस्त्यावर क्षणभर हात सोडून पाहिले. शेजारी बाबा बसले होते. मी हात सोडले हे त्यांना कळलं असणार.

घरी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्याकडून मागून घेतली, कपडे न बदलता स्वयंपाकघरात गेले आणि ती आईसमोर धरली. अंदाज चुकून किल्ली आधी रिकाम्या हवेतच पुढे झाली, मग आईच्या दिशेने वळली.

"आता एकदम सरळ आहे," ते म्हणाले. "तू चालव. रिकाम्या रस्त्याला हा बसेल बाजूला. महूपर्यंत जाऊन या. शाळा अजून आहे तिथे, मी विचारून ठेवलंय."

आईने हात पुसले. किल्ली घेतली नाही.

"शाळेत जाऊन काय करू?" ती म्हणाली. "मला सहावी ब मिळणार होती. भूगोल. त्या मुली आता पन्नाशी ओलांडून गेल्या असतील." मग, आमच्यापैकी कोणाकडेच न बघता, म्हणाली, "कोणी शिकवला असेल त्यांना, कोण जाणे."